कोंबडी तोंड वासते, पिशवी फुगते : पहिल्याच कोंबडीला ओळखा



परसातल्या कोंबड्यांची नोंद सातबाऱ्यावर नसते आणि सोसायटीच्या कर्जातही त्या धरल्या जात नाहीत. पण घरात अचानक नड आली, पोराची वही-पुस्तके घ्यायची झाली किंवा दवाखान्याला जायचे झाले, की पहिला हात खुराड्याकडेच जातो. म्हणूनच आज पिकाची गोष्ट बाजूला ठेवून कोंबडीची गोष्ट सांगतो. आधीच कबूल करतो, मी कोंबड्यांचा डॉक्टर नाही. कृषी पदविकेला कुक्कुटपालनाचा जो एक विषय होता, तेवढीच माझी शिदोरी. त्या अपुऱ्या शिदोरीवर मी एकदा सल्ला दिला आणि चुकलो. ती चूक तुमच्या हातून होऊ नये, यासाठी हा लेख.

चार वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुरुवातीला पाटण तालुक्यातल्या एका वाडीत भाताच्या बियाण्याची बैठक घेऊन मी परत निघालो होतो. तेवढ्यात एका मावशींनी हाक मारली. काखेत एक लाल कोंबडी.

"सायेब, कालधरनं ही तोंड वासून बसलीया. पिशवी बी टम्म झालीया. काय तरी सांगा."

मी कोंबडीच्या छातीवर हात लावला. गळ्याखालची पिशवी पाण्याने भरलेल्या फुग्यासारखी लागली. मान खाली होताच चोचीतून आंबट वासाचे पाणी आले. आदल्या दिवशी वाडीत लग्न होते आणि पंगतीतले उरलेले उकिरड्यावर पडले होते. मी लगेच निदान करून मोकळा झालो. "मावशी, लग्नातलं खाऊन अपचन झालंय. चमचाभर गोडेतेल पाजा, दोन दिवस डालग्याखाली ठेवा, होईल बरी."

डालगे अंगणातच, बाकीच्या कोंबड्यांच्या मधोमध. मी ते पाहिले आणि काही बोललो नाही. तिथून त्याच चपलांनी आणखी तीन अंगणांत जाऊन आलो.

तिसऱ्या दिवशी निरोप आला, पाच कोंबड्या बसल्या. मी पंचायत समितीतून पशुधन विकास अधिकाऱ्यांना घेऊन गेलो. त्यांनी मेलेली कोंबडी उघडून दाखवली. पेट्याच्या आधी जो छोटा जठराचा भाग असतो, त्याच्या आतल्या बाजूला रक्ताचे ठिपके होते. "राणीखेत आहे. ज्यांना झालाय त्यांच्यासाठी आता औषध नाही," ते म्हणाले. आठवड्यात १९ पैकी ४ कोंबड्या उरल्या. शेजारच्या घरांतही तीच कळा. कुणीतरी बऱ्या दिसणाऱ्या कोंबड्या घाईघाईने आठवडे बाजारात नेऊन विकल्या आणि पुढच्या वाडीतही मर सुरू झाली.

मावशींनी मला शिव्या दिल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "कुणाला इचारल्याबिगार खर्च करायचा एवढाच पैसा हुता माझा."

कुठे चुकले?

पिशवी फुगली होती हे खरेच होते. पण फुगलेली पिशवी हा दर वेळी स्वतंत्र आजार नसतो, कधीकधी ती मोठ्या रोगाची एक खूण असते. राणीखेत झालेल्या कोंबडीचे खाल्लेले पुढे सरकत नाही, पिशवीत आंबट पाणी साठते आणि तोंडातून लाळ गळते. मी पिशवीला हात लावला, पण नाक पाहिले नाही, विष्ठा पाहिली नाही, बाकीच्या १८ कोंबड्यांकडे तर बघितलेही नाही. एकच आजारी आहे, म्हणजे साथ नाही, असे धरून चाललो. बंधूंनो, साथ आली तरी पहिली कोंबडी एकटीच आजारी पडते! म्हणून पहिल्या आजारी कोंबडीला शेवटची समजू नका.

रोजची सवय : दोन वेळा, दोन मिनिटे

आजार ओळखायचा तर आधी निरोगी कोंबडी हाताला माहीत पाहिजे. कोंबडीच्या मानेच्या बुडाशी, छातीवर किंचित उजवीकडे खाल्लेले दाणे साठवणारी पिशवी असते. पुस्तकात तिला अन्नपिशवी म्हणतात. संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरतात तेव्हा ही पिशवी भरलेली लागते, दाण्यांची पुरचुंडी असावी तशी. रात्रभरात दाणा पुढे सरकतो, पेट्यातल्या बारीक खड्यांवर दळला जातो आणि पहाटे पिशवी रिकामी होते. म्हणून पिशवी तपासायची खरी वेळ पहाटेची, खुराडे उघडण्यापूर्वी आणि दाणा टाकण्यापूर्वी.

पहाटे पिशवी रिकामी, संध्याकाळी भरलेली, म्हणजे ठीक चालले आहे. पहाटेही भरलेली म्हणजे पुढे कुठेतरी अडले. संध्याकाळीही रिकामी म्हणजे कोंबडीने दिवसभर खाल्लेच नाही, ही तर आजाराची फार लवकर दिसणारी खूण.

श्वासाची परीक्षा रात्रीची. अंधार पडला, कोंबड्या गप्प झाल्या, की खुराड्याला कान लावा. निरोगी कळप शांत असतो. घुरघुर, शिट्टीसारखा आवाज, शिंकल्यासारखा फुसकारा आला, तर सकाळी एकेक कोंबडी हातात घेऊन बघा.

एक गोष्ट लक्षात असू द्या. कोंबडीला घाम येत नाही. उन्हाळ्यात भर दुपारी ती चोच उघडून, पंख अंगापासून दूर धरून धापा टाकते, ती अंगातली उष्णता बाहेर टाकण्यासाठी. सावली आणि गार पाणी मिळाले की थोड्या वेळात शांत होते. हा रोग नव्हे. पण पहाटेच्या गारव्यात तोंड वासून मान लांब करून श्वास घेत असेल, तर ते नक्कीच दुखणे आहे.

पिशवीचे दुखणे

पिशवी हाताला कशी लागते त्यावरून पुष्कळ कळते.

पहिला प्रकार, पिशवी घट्ट, कणकेच्या गोळ्यासारखी. लांब गवताची पात, भाताचा पेंढा, सुतळी, पोत्याचे धागे, प्लास्टिकचा तुकडा असे काही खाल्ले की आत गुंता होतो. अशी एकच कोंबडी आजारी, बाकीच्या खेळत्या, नाक-डोळे कोरडे, विष्ठा नेहमीसारखी असेल, तर घरी एक दिवस प्रयत्न करायला हरकत नाही. दाणा बंद करा, पाणी समोर ठेवा. छोटा चमचाभर, म्हणजे साधारण ५ मिली, खाण्याचे तेल ड्रॉपरने चोचीच्या कडेने थेंब थेंब घाला. घाई केली तर तेल श्वासनळीत जाते. मग कोंबडी उभ्या स्थितीत धरून बोटांच्या टोकांनी पिशवी हळूहळू चोळा, पाच-दहा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा. दुसऱ्या दिवशी पहाटे पिशवी मऊ आणि लहान झाली असेल तर थोडा ओला भरडा द्या. पुढचे दोन-तीन दिवस अख्खे धान्य नको. सुटली नाही तर दवाखाना गाठा. डॉक्टर पिशवी उघडून रिकामी करू शकतात. घरी ब्लेडने चिरून दोऱ्याने शिवण्याचा प्रयोग मात्र करू नका.

दुसरा प्रकार, पिशवी मऊ, पाण्याच्या फुग्यासारखी, तोंडाला आंबट वास. बुरसटलेले धान्य, शिळे-आंबलेले अन्न, किंवा जंतूनाशक औषधांचा मारा यामुळे पिशवीत बुरशी वाढते आणि असे होते. यावर बुरशीचे औषध लागते, ते डॉक्टरांनीच द्यायचे. आणि इथेच सावध व्हायचे, कारण राणीखेतची सुरुवातही अशीच दिसू शकते.

काहीजण अशी कोंबडी पाय धरून उलटी करतात आणि पिशवी दाबून पाणी काढतात. ते पाणी श्वासनळीत शिरून कोंबडी हातातच जाते. हे करू नका.

खुराड्यातच कोंडून ठेवलेल्या कोंबड्यांना पेट्यासाठी खडे मिळत नाहीत. त्यांच्यापुढे एका वाटीत जाडसर वाळू किंवा बारीक खडी कायम ठेवा. अंगणातली सुतळी, धागे, प्लास्टिक वेचून टाका. एवढ्याने पिशवीची निम्मी दुखणी टळतात.

श्वासाचे दुखणे : खुणांवरून ओळख

सर्दी (कोरायझा) : नाकातून चिकट पाणी, डोळ्यांखाली व चेहऱ्यावर सूज, जवळ घेतले की घाण वास. अंडी एकदम कमी होतात. मरतूक सहसा थोडी. औषधाने आराम पडतो, पण बरी झालेली कोंबडीही हा जंतू अंगात बाळगते, म्हणून ती नवीन कळपात सोडू नये.

जुनाट सर्दी (सी.आर.डी.) : रात्री घुरघुर, शिंका, कोंबडी हळूहळू वाळत जाते. आठवडेच्या आठवडे चालते. दाटी, ओले खुराडे आणि विष्ठेचा डोळ्यांना झोंबणारा वायू यांमुळे बळावते. खुराड्यात डोके घातल्यावर तुमच्या डोळ्यांना पाणी येत असेल, तर कोंबडीच्या फुप्फुसाचे काय होत असेल?

देवी : तुरा, गलोल, डोळ्यांभोवती फोड व खपल्या. डासांमुळे पसरतो. कधी हे चट्टे तोंडात व घशात पिवळट पापुद्र्यांसारखे येतात आणि कोंबडीला श्वास घेता येत नाही. पापुद्रे खरवडू नका, रक्त येते आणि दुखणे वाढते.

बुरशीचा आजार : बहुधा पिलांना. ओला भुसा किंवा बुरसटलेला पेंढा अंथरला की पिले धापा टाकू लागतात. याला खात्रीचे औषध नाही. अंथरूण बदलणे आणि कोरडे ठेवणे हाच उपाय.

राणीखेत (मानमोडी) : तोंड वासून श्वास, लाळ, हिरवट-पांढरी पातळ हगवण, पंख पाय लुळे, मान वाकडी. विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सहसा पाच-सहा दिवस, क्वचित दोन आठवडेही जातात. लस न दिलेल्या कळपातल्या जवळजवळ सगळ्या कोंबड्या जाऊ शकतात. उत्तराखंडातल्या राणीखेत गावाजवळ १९२७ च्या सुमारास हा रोग आढळला म्हणून आपल्याकडे हे नाव पडले. मान वाकडी होण्याची वाट बघू नका, ती खूण बऱ्याचदा उशिरा येते आणि सगळ्यांत येतही नाही.

बर्ड फ्लू : काहीही कळायच्या आत एका-दोन दिवसांत ढिगाने मरतूक, तुरा निळा-काळा, डोके सुजलेले. महाराष्ट्राने हा रोग २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला पाहिला आणि २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यालाही पाहिला. राणीखेत आणि बर्ड फ्लू यांतला फरक डोळ्यांनी नक्की सांगता येत नाही, नमुना प्रयोगशाळेत जावा लागतो. अशा वेळी मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हाताने शिवू नका, लेकरांना लांब ठेवा.

पहिली कोंबडी दिसताच काय कराल?

१) ती कोंबडी उचलून दूर ठेवा. दूर म्हणजे अंगणात डालग्याखाली नव्हे, तर घराच्या दुसऱ्या बाजूला, वेगळे पाणी आणि वेगळे भांडे देऊन. आधी निरोगी कोंबड्यांचे दाणापाणी करा, आजारी कोंबडीकडे शेवटी जा, आणि आल्यावर साबणाने हातपाय धुवा.

२) बाकीच्या सगळ्या मोजा. विष्ठा बघा, नाक-डोळे बघा. पुढचे किमान आठ दिवस सकाळ-संध्याकाळ हेच करा. दुसरी कोंबडी बसली की घरगुती उपाय थांबवून थेट दवाखाना गाठा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे.

३) एकही पक्षी विकू नका, पाहुण्याला देऊ नका, आजारी कोंबडी कापू नका. बरी दिसणारी कोंबडीही रोग घेऊन बाजारात जाते. दहा कोंबड्यांचे पैसे वाचवायला जाल आणि चार गावांच्या कोंबड्या घालवाल. कापलेल्या कोंबडीची पिसे आणि आतडी कुत्र्याने ओढत नेली की झाले.

४) मेलेल्या कोंबड्या ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नका. विहिरीपासून दूर, कुत्र्याला उकरता येणार नाही इतका खोल खड्डा घ्या आणि वर चुना टाकून बुजवा. खुराडे खरवडून धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने धुवा, उन्हात वाळवा, आतून चुना मारा. नवीन पिले आणायला निदान महिनाभर थांबा.

५) माणसांच्या गोळ्या पाण्यात कालवून पाजू नका. विषाणूच्या रोगावर जंतूनाशक गोळी चालत नाही, आणि जिथे चालते तिथे प्रमाण चुकले तर जंतू मुरतात. कोलिस्टीन हे औषध तर कोंबड्या-जनावरांत वापरायला केंद्र सरकारने २०१९ सालीच बंदी घातली आहे. डॉक्टरांनी औषध दिले तर किती दिवस अंडी खायची-विकायची नाहीत, हे विचारून घ्या. हळद, लसूण देण्याला माझा विरोध नाही, पण त्याच्या भरवशावर राणीखेतचे दोन दिवस फुकट जातात.

लस : स्वस्त, पण एकट्याने जमत नाही

राणीखेतला औषध नाही, लस आहे. सर्वसाधारणपणे पिलू ५ ते ७ दिवसांचे असताना लासोटा किंवा एफ जातीच्या लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौथ्या-पाचव्या आठवड्यात पुन्हा लासोटा आणि आठव्या आठवड्यानंतर आर-टू-बी लसीचे इंजेक्शन, असा क्रम असतो. देवीची लस सहाव्या आठवड्याच्या पुढे, पण राणीखेतच्या लसीपासून अंतर ठेवून देतात. पुढची मात्रा केव्हा, ते दवाखान्यात विचारून घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. अशक्त आणि आजारी कोंबडीला लस टोचू नये.

पुण्याला औंध येथील शासकीय संस्थेत राणीखेतची आणि देवीची लस तयार होते. अडचण लसीच्या किमतीची नाही, कुपीची आहे. एका कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त मात्रा असतात आणि कुपी एकदा कालवली की दोन तासांच्या आत संपवावी लागते. १५ कोंबड्यांची मालकीण एकटी दवाखान्यात गेली तर तिच्यासाठी अख्खी कुपी कोण फोडणार? म्हणून मावशींच्या वाडीत कधी लस आलीच नव्हती.

याला उपाय म्हणजे सगळ्या वाडीने एक दिवस ठरवायचा. बचत गटाच्या एका ताईने घरोघरच्या कोंबड्यांची यादी करायची, ती दवाखान्यात द्यायची आणि कोंबड्या खुराड्याबाहेर सोडण्यापूर्वी, पहाटेच लसीकरण उरकायचे. लस बर्फाच्या थर्मासमधूनच आणायची. खिशात घालून आणलेली लस म्हणजे नुसते पाणी. आधी आठवडाभर जंताचे औषध दिले तर उत्तम. बाजारातून किंवा योजनेतून आणलेली गिरिराज, वनराज पिले, तलंगा दोन-तीन आठवडे वेगळ्या ठेवून मगच जुन्या कळपात सोडा.

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींना

जनावरांच्या संसर्गजन्य रोगांसंबंधीचा २००९ चा केंद्रीय कायदा आहे. त्यानुसार अनुसूचित रोगाचा संशय आला तर मालकाने गावच्या अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला कळवायचे आणि त्यांनी जवळच्या पशुवैद्यकाला लेखी कळवायचे, अशी तरतूद आहे. "कोंबड्याच तर मेल्यात" म्हणून ही गोष्ट सोडून देऊ नका. एका अंगणातल्या पाच कोंबड्यांची वर्दी वेळेवर गेली तर पाच वाड्या वाचतात. ग्रामसभेत वर्षातून एकदा कोंबड्यांच्या लसीकरणाचा दिवस ठरवा आणि फळ्यावर लिहा.

माझ्यापुरते सांगतो. आता मोटारसायकलच्या डिकीत मी साबण आणि पाण्याची बाटली ठेवतो. कोंबड्यांचे दुखणे असलेल्या अंगणातून निघताना चपला धुतो, आणि त्या दिवशी दुसऱ्या अंगणात पाऊल टाकत नाही. कुणी आजारी कोंबडी दाखवली तर पहिला प्रश्न विचारतो, "बाकीच्या कुठं आहेत?"

मावशींनी उरलेल्या चार कोंबड्यांवर पुन्हा कळप उभा केला. गेल्या पावसाळ्याच्या आधी त्यांच्या वाडीत तिसऱ्यांदा लसीकरण झाले, यादी त्यांनीच केली होती. परवा भेटल्या तेव्हा सांगत होत्या, "सायेब, रोज पहाटं एकेकीची पिशवी चाचपते. हाताला सवय झालीया आता."

उद्या पहाटे खुराडे उघडण्याआधी तुम्हीही एवढे करून बघा.